चैत्रातला डोंगर आणि मोहाखालची आग

रानफुले पाहावयास जावयाचे म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या मनश्चक्षूंसमोर साताऱ्याजवळचे कासचे पठार उभे राहते, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या पठाराचा गौरव यथार्थच आहे. परंतु भाद्रपदातल्या त्या तृणपुष्पांच्या सोहळ्यालाच फुलांचा ऋतू मानण्याची सवय आमच्या झाडीपट्टीतल्या माणसालाही जडावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. साकोली तालुक्यातील एकोडीच्या मुलखात फुलांचा ऋतू ऐन उन्हाळ्यात येतो आणि तो झाडांवर येतो.

फाल्गुन सरता सरता गायखुरीच्या डोंगररांगेतील एखादी बेताच्या उंचीची टेकडी निवडावी, गावातला जाणता माणूस बरोबर घ्यावा आणि सूर्य वर आल्यावरच चढू लागावे. कारण मोहाच्या फुलांची गोडी अस्वलालाही तितकीच ठाऊक असते आणि पहाटेच्या अंधुक उजेडात त्याची गाठ पडणे जिवावर बेतते. पायथ्याशी पळसाचा अखेरचा केशरी बहर, उतारावर धायटीची तांबडी झुडपे, मधूनच कोवळ्या पालवीने लालेलाल झालेला कुसुम, आणि जेथे माती सरून नुसता खडक उरतो तेथे एकही पान अंगावर न ठेवता सोन्यासारखी पिवळी फुले मिरवणारी गणेरी! वैशाखात याच वाटेवर बहाव्याचे घोस लोंबतात आणि कुड्याचा सुगंध दरवळतो. माथ्यावर पोहोचावयास दमछाक होत नाही. वृद्धांनी आणि शाळकरी मुलांनीही जावे, अशी ही चढण आहे.

वरून जे दिसते त्यात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तलाव. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, मालगुजारांच्या अमलात राखलेले आणि मालगुजारी संपल्यावर सरकारी दफ्तरात ‘माजी मालगुजारी’ या नावाने नोंदले गेलेले हे तलाव टेकड्यांच्या उतारांवरून येणाऱ्या पाण्यावरच भरतात, आणि त्यांच्यावर खालच्या धानाच्या बांध्या अवलंबून असतात. डोंगर आणि धान यांचे हे नाते माथ्यावर उभे राहिल्यावाचून नीट उमगत नाही.

आणि तेथूनच दिसतात ते काळे पट्टे. मोहाची मांसल फुले रात्री उशिरा गळू लागतात आणि सकाळपर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडतो. वाळक्या पाचोळ्यात ती वेचणे कष्टाचे म्हणून झाडाखाली आधीच आग लावून भुई साफ करण्याचा प्रघात आहे. ती आग झाडाच्या सावलीपुरती राहत नाही. वारा सुटला की ती उतारावर चढते, कोवळी रोपे आणि भुईवरची घरटी जाळते, आणि उघडी पडलेली माती पुढल्या पावसात ओढ्यावाटे त्याच तलावांच्या गाळात भर घालते. फुले वेचणाऱ्या माउलीला मी दोष देणार नाही; तिच्या घरचा उन्हाळ्यातला रोख पैसा त्या टोपलीत असतो. विडीचे थोटूक फेकून जाणाऱ्या हौशी प्रवाशाचा अपराध याहून मोठा आहे.

भारतीय वन अधिनियम १९२७ पासून राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवतो, तरी एवढ्या वर्षांत नुसत्या धाकाने ही आग विझलेली नाही. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क वननिवासींना दिला आणि वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती सोपवला आहे. म्हणून उपायही ग्रामसभेतूनच यावा. झाडाखाली जाळी अंथरली की आगीची गरज उरत नाही, फुले मातीत न पडता स्वच्छ मिळतात आणि स्वच्छ मालाचे मोलही अधिक येते. ग्रामनिधीतून अशा जाळ्या घ्याव्यात, वनखात्याने त्यात आपला वाटा उचलावा, आणि शाळांनी परीक्षा आटोपताच मुलांना एका सकाळी त्या टेकडीवर न्यावे, म्हणजे कुठली झाडे जाळीने राखली आणि कुठला उतार जळाला हे त्यांना वरून पाहता येईल. जाळ्यांची तजवीज मात्र माघ संपण्यापूर्वी व्हावयास हवी. फाल्गुनात पहिली फुले गळू लागतात.