भिंगारकरांनो, ‘पडली’ म्हणून सोडून देऊ नका

हे आवाहन भिंगारमधल्या प्रत्येक घराला आहे, आणि त्याहून जास्त इथल्या दवाखान्यांना.

बाई दवाखान्यात येते. हात सुजलेला असतो, सोबत नवरा नाहीतर सासू असते. काय झालं असं डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर सोबतचं माणूस देतं, “मोरीत पाय घसरून पडली.” केसपेपरवर तेच उतरतं. पण पडताना माणूस तळहात टेकतो, म्हणून बहुतेक वेळा हाड मनगटाशी मोडतं. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकटंच हाड मोडलं असेल, तर डोक्यावर येणारा फटका चुकवायला तिने हात आडवा धरला असण्याची शंका घ्यायलाच हवी. डाव्या कानाचा पडदा फाटलेला दिसला, तर समोरून बसलेल्या उजव्या हाताच्या थपडेचा विचार मनात यायला हवा. हाडाच्या आणि कानाच्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं. तरीही कागदावर ‘पडली’ एवढंच राहतं, प्लास्टर घातलं जातं आणि बाई त्याच घरी परत जाते.

या कागदांकडे नीट बघण्यात महाराष्ट्रातल्या काही संशोधकांनी उमेदीची वर्षं घातली. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेने महापालिकेसोबत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभं केलं. सरकारी रुग्णालयाच्या आतच अत्याचारग्रस्त बाईला आधार देणारं देशातलं हे पहिलं केंद्र. रुग्णालयाकडून डॉ. सीमा मलिक आणि संस्थेकडून डॉ. अमर जेसानी, पद्मा भाटे-देवस्थळी, संगीता रेगे अशा अभ्यासकांनी ते रुजवलं. त्यांचा हिशेब साधा होता. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरते, कोर्ट तर तिला फारच लांबचं वाटतं, पण जखम झाली की दवाखान्यात तिला यावंच लागतं. म्हणून तिला गाठायचं तर तिथेच. त्यांनी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. बाईशी ती एकटी असताना, आडोशाला बोलायचं हा पहिला नियम ठरला.

त्यांना अस्वस्थ करणाऱ्या नोंदींत विषाच्याही होत्या. ‘चुकून औषध प्यायली’ अशी नोंद झालेल्या बायकांशी कुणी शांतपणे बोललं की पुष्कळदा घरातला छळ बाहेर येई. आपल्या नगर जिल्ह्यात शेतीचं औषध घरोघरी हाताशी असतं. ‘चुकून प्यायली’ हे वाक्य इथे कुणी ऐकलेलं नाही, असं मला वाटत नाही. तिने जीव द्यायला घेतलं हे खरं सांगितलं तर तिच्यावरच केस होईल या भीतीने नातेवाईक गप्प बसतात. ही भीती सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालत नाही.

‘दिलासा’च्या कामातून आलेल्या अनुभवामुळे पद्माताई लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या वैद्यकीय तपासणीची नियमावली ठरवणाऱ्या केंद्रीय समितीवर होत्या. २०१४ च्या त्या नियमावलीने योनीत दोन बोटं घालून केली जाणारी ‘टू फिंगर टेस्ट’ बाद ठरवली. मुंबईच्या एका रुग्णालयात सुरू झालेली ‘दिलासा’ची पद्धत पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत आणि इतर राज्यांतही गेली. ती पाथर्डी रस्त्यावरच्या आपल्या छोट्या दवाखान्यांत यायला काय हरकत आहे? त्यासाठी इमारत लागत नाही. पडद्याआड दोन मिनिटं आणि एक प्रश्न लागतो, “घरी कुणी मारतं का?” सोबतच्या माणसाला तेवढा वेळ बाहेर बसवा. तिने सांगितलं तर तिचेच शब्द कागदावर उतरवा. उद्या न्यायालयात तो केसपेपर तिच्या बाजूने उभा राहील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या साधारण चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात अशा बायकांपैकी बहुतेकींनी कुणाकडे मदत मागितली नाही की कुणाला सांगितलंही नाही. छावणीच्या या गावात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, माहेर शेकडो कोस लांब असलेल्या कितीतरी बायका आहेत. भिंतीपलीकडचा आवाज ऐकणारी शेजारीण हेच त्यांचं इथलं माणूस.

“नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं,” असं म्हणून दार लावून घेऊ नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चं कलम ४ तुमच्यासाठीच आहे. हिंसा होते आहे असं वाटण्याला कारण असेल, तर कुणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. आणि त्या बाईला एवढं नक्की सांगा की घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी कायद्याच्या वाटेशिवाय तिला तिथून बाहेर काढता येत नाही. ‘पोरांकडे बघून सोस’ हा सल्ला आता पुरे. पोरं सगळं बघतच असतात.

नगरच्या समाजकार्य, परिचर्या आणि वैद्यकीय शाखांच्या विद्यार्थ्यांना वेगळी विनंती आहे. प्रबंधाला विषय शोधत असाल तर रीतसर परवानगी घेऊन, नावं गुप्त राखून आपल्याच भागातल्या केसपेपरांचा अभ्यास करा. किती ‘पडल्या’, किती ‘भाजल्या’, किती ‘चुकून प्यायल्या’, हे कुणीतरी मोजलं पाहिजे. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्षा, पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.

महिला हेल्पलाइन १८१. मारहाण चालू असेल तर ११२. मोफत वकिलासाठी १५१००. हे तीन नंबर आजच मोबाइलमध्ये घाला, दवाखान्याच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने चिकटवा, आणि ज्या घराबद्दल तुम्हाला शंका आहे तिथल्या बाईला ती एकटी असताना तोंडपाठ करून द्या.