पटांगणाचे डांबर आणि ‘आपला माणूस’



सावरगावच्या आपल्या समाजभवनाचे पटांगण आणि फाटकापासून आत येणारा रस्ता डांबरी करायचा, असा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाला. ठरावाच्या बाजूने आमचाही हात वर होता. पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला पाहुणे जोडे हातात घेऊन चिखलातून येतात, गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहतात आणि शेजाऱ्यांशी वाद होतो, हे सगळ्यांनीच पाहिले आहे. डांबर हवेच. पण ठरावाचे शेवटचे वाक्य होते, ‘काम योग्य ठेकेदाराकडून करून घ्यावे.’ आणि हा ‘योग्य’ ठेकेदार सभा संपून चहा वाटला जाईपर्यंत ठरूनही गेला! दुसऱ्या कोणाचा भाव नाही, अंदाजपत्रक नाही, पटांगणाला अजून फीतही लागलेली नाही. विचारले तर उत्तर तयार: “आपलाच माणूस हाय ना भाऊ, कागद कायले पाह्यजे?”

आमचे त्या माणसाशी भांडण नाही. तो काम चांगले करीलही. आमचे भांडण या एका वाक्याशी आहे.

हे वाक्य आपल्यात कोठून आले, ते आम्ही जाणतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौसरची मराठी घरे मध्य प्रदेशात राहिली. भोपाळ लांब, नागपूर जवळचे पण परराज्यातले. अशा वेळी माणूस आपल्या माणसाचाच हात धरतो. त्याच आधारावर शाळा उभ्या राहिल्या, सोसायट्या चालल्या, लग्ने पार पडली. पण ज्या आधारावर लग्न ठरते, त्याच आधारावर डांबराची जाडी ठरवता येत नाही. जाडी फुटपट्टीने ठरते.

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला आकडेमोडीची खोड असते, ती वाचकांनी थोडी सहन करावी. समजा, जागा १०० फूट बाय ६० फूट आहे, म्हणजे ६००० चौरस फूट. दाबून पक्के झालेले डांबर २ इंच हवे असेल, तर १००० घनफूट, म्हणजे १० ब्रास माल लागतो. वजनात हा साधारण ६५ टन होतो. आता त्याच जागेवर दीड इंच टाकले तर? ४९ टन. अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, काळा रंग दोन्हीकडे सारखाच असतो. पण त्या अर्ध्या इंचात १६ टन माल, म्हणजे जवळजवळ एक भरलेला डंपर, वाचतो. त्यात डांबर पाच टक्के धरले तरी ८०० किलो. हा डंपर आपल्या वर्गणीतून निघतो आणि पटांगणात कधी येतच नाही.

यातली आणखी एक मेख सांगितली पाहिजे. माल पसरल्यावर तो सैल असतो. रोलरखाली दबून तो सुमारे पाव हिश्शाने, कधी थोडा कमी, बसतो. रोलर फिरण्याआधी पट्टी खुपसून “बघा, पुरे दोन इंच!” असे दाखवणारे ठेकेदार सगळीकडे असतात, आणि बघणारे मान डोलावतात. म्हणून करारात ‘दाबल्यानंतर २ इंच’ असे शब्द हवेत. प्रत्येक डंपरची धर्मकाट्याची पावती आपल्या हातात आली पाहिजे. ६५ टनांच्या पावत्या जमल्या की वादच उरत नाही. हे काम करायला इंजिनिअर लागत नाही. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसणारा एक निवृत्त शिक्षक पुरेसा आहे, आणि निवृत्त शिक्षकांची आपल्याकडे वाण नाही.

पण खरी फसवणूक वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. आपली जमीन काळी. कापसाला जी माती लक्ष्मी, तीच डांबराला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे डांबर तिच्याबरोबर वर-खाली होऊन तडकते. अशा मातीवर नुसती गिट्टी पसरून वर काळे फासणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे. काळी माती निदान फूटभर खणून बाहेर काढायची, मुरमाचे थर पाणी मारून रोलरने दाबायचे, त्यावर खडी आणि चुरी, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. मग भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली त्यावरून फिरवून पाहायची. चाकोरी उमटली तर डांबराला हात लावायचा नाही. उताराचेही तसेच: दर दहा फुटांना अडीच इंच, आणि तो भवनाच्या जोत्याकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे नव्हे, नालीकडे. पाणी साचले की डांबर सुटते. या सगळ्याचा खर्च मातीखाली गाडला जातो, फोटोत येत नाही, उद्घाटनाच्या फितीला बांधता येत नाही. म्हणूनच स्वस्त भाव देणारा पहिली कात्री इथेच लावतो.

आणि घाई! “पोळ्याआधी करून देतो” असे आश्वासन मिळाले आहे म्हणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या दोन्ही काठांवर जी गर्दी लोटते, तिच्या गाड्या लावायला पटांगण तयार हवे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण पोळा येतो भर पावसाळ्यात. गरम डांबरी माल प्लांटमधून साधारण १५० ते १६० अंशांवर निघतो आणि ९०-१०० अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरचे काम संपावे लागते. ओल्या जमिनीवर तो पडला की वाफ धरतो, चिकटत नाही. माल लांबून येणार असेल, तर ताडपत्री झाकल्याशिवाय तो वाटेतच निवतो. निवलेला माल रोलरने कितीही घोटा, वर्षभरात त्याची गिट्टी सुटी होऊन पायाखाली करकरते. डांबराचे काम दिवाळीनंतर. त्यातही शासकीय कामांची बिले ३१ मार्चच्या आत काढायची असतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये प्लांट आणि रोलर दोन्ही दुर्मिळ होतात. डिसेंबर धरावा.

इथे आम्हाला पुण्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. जंगली महाराज रस्ता अनेकांनी पाहिला असेल. १९७६ साली तो मुंबईच्या रेकॉन्डो नावाच्या कंपनीने केला. पुणे महापालिकेच्या स्थायी समितीचे त्या वेळचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी ते काम घडवून आणले आणि कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली. दहा वर्षे खड्डा पडला तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने! दहा वर्षे सरली, वीस सरली, तीस सरली, आणि तो रस्ता खड्ड्यांविना टिकल्याचे कौतुक पुणेकर पुढेही करत राहिले. गंमत अशी की हे काम नेहमीची निविदा न काढता दिले गेले, असे सांगतात. म्हणजे निविदा हा देव नाही, हे आम्हीही मान्य करतो. सर्वात कमी भाव भरणारा निवडणे म्हणजे सर्वात पातळ थर निवडणे, असे पुष्कळदा होते. पण निविदा नव्हती तरी हमी होती, आणि ती कागदावर होती. शिवाय कंपनी पुण्याची नव्हती, पुणेकरांच्या नात्यागोत्यातली तर नव्हतीच. ती चालवणारे पारशी होते, असे सांगतात. परक्याने दहा वर्षांची हमी दिली. ‘आपला माणूस’ एका पावसाळ्याची तरी देतो का, एवढेच विचारायचे आहे.

कोणी म्हणेल, पुणे कोठे आणि सावरगाव कोठे! मग जवळचे उदाहरण घ्या. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. त्या योजनेच्या रस्त्यांवर ठेकेदाराला बांधणीनंतर पाच वर्षे देखभाल करावी लागते आणि तसा फलक रस्त्याच्या कडेला लावलेला असतो. सगळे रस्ते तसे राहतात असे आम्ही म्हणत नाही. पण निदान बोट दाखवायला फलक असतो. ज्या सरकारला आपण उठता-बसता नावे ठेवतो, ते सरकार पाच वर्षे लिहून घेते आणि आपण आपल्याच वर्गणीवर “पाहू ना भाऊ” एवढ्यावर समाधान मानतो!

देखरेखीचा प्रश्नही सोपा नाही. २०१६ साली मुंबई महापालिकेने रस्त्यांच्या कामांची चौकशी केली, तेव्हा ठेकेदारांबरोबरच कामावर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या तपासनीस कंपन्यांवरही गुन्हे दाखल झाले. राखणदारच सामील असला की कुंपण असून नसून सारखे. म्हणून आमचे म्हणणे, ठेकेदाराचा सोयरा, भागीदार किंवा देणेकरी देखरेख समितीत नसावा. हे लिहिताना काहींना राग येईल, याची आम्हाला कल्पना आहे.

राग येणारी आणखी एक गोष्ट आहे. “सरकारी कामातला माल उरला आहे, अर्ध्या भावात टाकून देतो,” असा निरोप सभेनंतर फिरतो आहे. बांधवांनो, हा माल उरतो कसा? गरम माल मागणीप्रमाणे तयार होतो. त्याचा साठा करून ठेवता येत नाही. तो उरला असेल, तर कोणत्या तरी गावच्या रस्त्यावर तो दोन इंचाऐवजी दीड इंच पडला म्हणूनच उरला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, कामे वाढली, ठेकेदारही वाढले. त्या कामांचा दर्जा काय, असे आपण याच पानांवरून विचारतो, माहितीच्या अधिकाराचे अर्ज करतो. मग त्याच कामांतून वाचवलेला माल आपल्या पटांगणात पसरून उद्या कोणत्या तोंडाने अर्ज करणार? तो माल फुकट मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

“पण पैसा समाजातच राहील ना?” हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोकही आहेत, आणि त्यांना टाळता येणार नाही. आपला पोरगा धंद्यात उभा राहावा असे आम्हालाही वाटते. त्याचा भाव दुसऱ्यांच्या जवळपास असेल, तर काम त्यालाच द्या. पण त्याच्याकडून लिहून घ्या, त्याचे आधीचे दोन पावसाळे खाल्लेले एखादे काम जाऊन पाहा, आणि रोलर त्याचा स्वतःचा आहे की भाड्याने मिळेल तेव्हाचा, हे विचारा. लिहून घेतल्याने तो परका होत नाही. पैसा समाजात राहतो म्हणजे एका घरात राहतो, आणि गेला तर शंभर घरांचा जातो. त्यात पेन्शनवर जगणाऱ्या विधवा आहेत, संत्र्याचा बार गेला तरी वर्गणी चुकवली नाही असे शेतकरी आहेत. त्यांच्या पावत्या आम्ही पाहिल्या आहेत.

बँक घरबांधणीचे कर्ज देते, तेव्हा सगळी रक्कम एकदम हातात ठेवत नाही. जोते झाले, पाहणी झाली, मग पुढचा हप्ता; स्लॅब पडला, मग त्याच्या पुढचा. सख्ख्या भावाचे प्रकरण असले तरी नियम हाच. इथेही तसेच करावे. सुरुवातीला माल आणि मशीन जागेवर आल्यावरच आगाऊ रक्कम, ट्रॉली फिरवून पाया पास झाल्यावर दुसरा हप्ता, डांबर दाबून मोजल्यावर तिसरा. निदान दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत आपल्याच खात्यात. सारे व्यवहार चेकने आणि पक्क्या बिलावर. “कच्चे बिल घ्या, अठरा टक्के जीएसटी वाचतो” हा सल्ला ऐकला, तर उद्या खड्डा पडल्यावर दाखवायला हातात काय राहील? रोख दिलेल्या पैशाला स्मरणशक्ती नसते.

काम झाल्यानंतरची जबाबदारी मात्र आपली. मंडपवाला लोखंडी खुंट्या डांबरात ठोकतो, त्या भोकांतून पाणी खाली जाते आणि पहिला खड्डा तिथेच पडतो. खुंट्यांसाठी कडेला पाइप गाडून ठेवावेत, हे आत्ताच अंदाजपत्रकात घालता येईल. आचाऱ्याच्या भट्टीसाठी एक कोपरा सिमेंटचा सोडावा. भट्टीच्या धगीने डांबर मऊ होते, आणि गळणाऱ्या डिझेलने तर विरघळते.

कार्यकारिणीची पुढची बैठक होण्याआधी पटांगणाची मापे घेऊन, जाडी आणि थर लिहून, तोच कागद तीन ठेकेदारांना द्यावा, अशी लेखी मागणी आम्ही करत आहोत. त्या तिघांत ‘आपला माणूस’ही असावा. मागणीपत्र समाजभवनात ठेवले आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी. ज्यांना पटणार नाही त्यांनी आपले म्हणणे याच पानांवर मांडावे. फीत आमच्याकडे आहे. येत्या रविवारी सकाळी आठला आम्ही माप घ्यायला जाणार आहोत, दुसरे टोक धरायला कोणी तरी यावे.