छप्पर एकाचे, बिल दुसऱ्याचे

व्यापारी संकुलाच्या गच्चीवर सोलर बसवायचा विषय गाळेधारकांच्या सभेत निघाला की आक्षेप ठरलेले असतात. पावसाळ्यात चार महिने ते बंदच. गच्ची गळायला लागेल. लाइट गेली की तेही जाणार. घरांना सबसिडी आहे, दुकानांना नाही. या प्रत्येक आक्षेपात थोडे तथ्य आहे, म्हणून तर ते वर्षानुवर्षे टिकले. पण तेवढ्यावरून ‘सोलर आपल्या कामाचे नाही’ असा जो निकाल दिला जातो, तो टिकणारा नाही.

आधी पाऊस. जून ते सप्टेंबर वीज कमी तयार होते. बंद होत नाही, कारण पॅनेलला प्रकाश लागतो, रणरणते ऊन नव्हे. उलट पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की पुढच्या प्रत्येक अंशाला त्याची क्षमता सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घसरते, म्हणजे मे महिन्यातही थोडा तोटा आहेच. हिशेब करायचा तो वर्षाचा. महाराष्ट्रात एक किलोवॅटच्या पॅनेलमधून वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात आणि या आकड्यात पावसाळा धरलेला असतो. जर्मनीच्या वाट्याला येणारे ऊन महाराष्ट्राच्या निम्म्याहून जरासेच जास्त. तरीही त्या देशाने १०० गिगावॅटपेक्षा जास्त सौरक्षमता उभी केली आहे.

गळतीचा दोष पॅनेलचा नाही, कंत्राटदाराचा. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला ड्रिलने भोके पाडली तर पाणी झिरपणारच. भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर सांगाडा उभा राहतो. फक्त ते वजन आणि वाऱ्याचा जोर इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावा लागतो. लोखंडी पत्र्याच्या गोदामावर क्लॅम्प बसतात. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर मात्र आधी पत्रे बदलायचे, मग पॅनेल.

लाइट गेल्यावर सोलर बंद पडते, हे खरे आहे. ते मुद्दाम तसे केलेले असते. खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असे समजून काम करत असताना गच्चीवरून उलटा प्रवाह आला, तर त्याच्या जिवावर बेतेल. ज्यांना खंड चालत नाही ते बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतात किंवा जनरेटरशी मेळ घालणारी यंत्रणा बसवतात. खर्च वाढतो, पण मार्ग आहे.

आता पैसा. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतली ७८,००० रुपयांपर्यंतची मदत घरांसाठीच आहे. पण दुकानदाराचा वीजदर घरापेक्षा चढा असतो, म्हणजे वाचणारे प्रत्येक युनिटही महागाचे. शिवाय व्यवसायाला प्राप्तिकरात सौरयंत्रणेवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, तो घरमालकाला नाही. दहा हजार चौरस फुटांची गच्ची घ्या. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वजा जाता सहा हजार फूट उरली असे समजू. किलोवॅटला शंभर चौरस फूट या हिशेबाने ६० किलोवॅट बसतात आणि वर्षाला ८४,००० युनिट मिळतात. युनिटमागे दहाच रुपये वाचले तरी ८ लाख ४० हजार. किलोवॅटला पन्नास हजार खर्च धरला तर तीस लाखांची गुंतवणूक चार वर्षांच्या आत वसूल होते. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते.

जाणकारांचा एक आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि सौरतासांतला वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले. दिवसाची वीज स्वस्त झाली की सोलरची बचतही आटते. हे मान्यच करायला हवे. रात्री गजबजणाऱ्या हॉटेलाला म्हणूनच आता जपून हिशेब मांडावा लागेल. पण ऑफिस, बँक, दवाखाना, कापडाचे दुकान यांचे एसी भर दुपारी चालतात. तयार होणारी वीज जागच्या जागी खपते आणि सवलतीचा व्यापारी दरही गच्चीवरच्या विजेपेक्षा महागच पडतो. तीस मजली टॉवरची गरज त्याच्या एवढ्याशा गच्चीवर भागणार नाही, हेही उघड आहे. भिवंडीची गोदामे, मार्केट यार्ड, मॉल ही पसरट छपरे मात्र मोकळी तापत पडलेली असतात.

मग गाडी अडते कुठे? मालकीत. गच्ची बिल्डरची किंवा संस्थेची, मीटर प्रत्येक गाळ्याचा वेगळा, गाळा भाड्याने दिलेला आणि बिल भाडेकरूच्या नावावर. पैसे घालणाऱ्याला बचत दिसत नाही आणि बचत होणाऱ्याचा छपरावर हक्क नाही. जिथे हा तिढा नव्हता तिथे काय झाले, ते कोचीन विमानतळाने दाखवले. २०१३ मध्ये आगमन टर्मिनलच्या छपरावर १०० किलोवॅटपासून सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये १२ मेगावॅटचा प्रकल्प जोडून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा तो जगातला पहिला विमानतळ ठरला. मोठा प्रकल्प जमिनीवर होता, हे खरे. पण छप्पर, जमीन आणि वीजबिल एकाच कंपनीचे होते.

संकुलांनी सुरुवात सामाईक मीटरपासून करावी. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, पार्किंग यांची वीज त्यावर असते. ते बिल घटले की देखभाल शुल्क सगळ्यांचेच उतरते. मात्र मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता बसवता येत नाही. वीस किलोवॅटचा सामाईक मीटर असेल तर साठ किलोवॅटच्या गच्चीतली चाळीस रिकामी राहते. यावर उपाय म्हणजे एकाच गच्चीवरची युनिट अनेक मीटरांवर वाटून देणे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये ही वाट काढली, पण ती प्रामुख्याने निवासी संस्था आणि सरकारी कार्यालयांसाठी. व्यापारी गाळ्यांनाही ती सरसकट खुली हवी.

नव्या इमारतींबाबत तर नियमच पातळ आहेत. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने छपराचा २५ टक्के भाग किंवा कमाल भाराच्या एक टक्का विजेपुरती जागा, ‘यांपैकी जे कमी असेल ते’, राखायला सांगितले. ५०० किलोवॅट भाराच्या इमारतीला म्हणजे पाच किलोवॅटपुरती, जेमतेम पाचशे चौरस फूट. तीही फक्त राखायची. पॅनेल बसवण्याची सक्ती त्यात नव्हती. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून नव्या कार्यालयांवर, दुकानांवर आणि गोदामांवर सोलर बसवावेच लागते. इथेही भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी अग्निशमनाचा दाखला मागतात, तसा छपराचा सौर आराखडा मागावा: टाक्या कुठे, लिफ्टच्या खोलीची सावली कुठे पडते, केबलसाठी डक्ट सोडला का, अग्निशमन जवानांना चालायला वाट आहे का. नकाशावर टाकी उत्तरेला सरकवायला आर्किटेक्टला पाच मिनिटे लागतात. बांधून झालेली टाकी हलवायची तर पुन्हा गाळेधारकांची सभा, पुन्हा वर्गणी आणि पुन्हा वॉटरप्रूफिंग.