छर्ऱ्याची पारख

मैत्री, पाऊस आणि मेसची भाजी हे विषय मराठी विभागात दरवर्षी असतातच. म्हणून यंदा जरा वेगळा विषय घेतो. बारा बोरच्या काडतुसातले शिशाचे छर्रे! हसू नका. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या, त्यातही मानोरा-कारंज्याकडच्या पोरांना तुरीच्या वावरातली जागल काय असते हे सांगायला नको. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. बंदूक आणि पीक संरक्षणाचा परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण परवानगी मिळाल्यावर काडतूस निवडतात कसं? तर आवाजावरून! "मागच्या खेपेची लई जोरात वाजली, तीच द्या." आमचे काकाही यातलेच. माझं म्हणणं एवढंच की आवाज दारूचा असतो, काम छर्रा करतो.

शुद्ध शिसं इतकं मऊ की नखानं ओरखडा पडतो. दारू पेटली की नळीत दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोचा दाब तयार होतो. पुढच्या दाण्यांच्या जडत्वामुळे मागचे दाणे चेपतात, कडेचे नळीला घासून चपटे होतात. चपटा दाणा हवेत सरळ जात नाही, वेगही लवकर गमावतो. म्हणून शिशात अँटिमनी मिसळतात. कडक छर्ऱ्यात ते ५-६ टक्क्यांपर्यंत असतं. डुकरासाठी मोठा छर्रा लागतो, म्हणजे काडतुसात दाणे मोजकेच. त्यातले दोन-तीन भरकटले तर जनावर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुकरामागे रात्री तुरीत शिरणं म्हणजे काय, ते गावाकडच्यांना विचारा.

दुसरी गोष्ट गोलाईची. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं १७८२ साली पेटंट घेतलं ते याचंच. वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात सोडायचं. पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब आपोआप गोल होतो (फिजिक्सच्या व्हायवाला हे उदाहरण द्या, सर खूश होतील). मग निवड. दाणे तिरप्या पाटावरून सोडतात, मध्ये फट ठेवतात. गोल दाणा वेगात येऊन फट ओलांडतो, वाकडा फटीत पडतो. आपल्या घरी ताट तिरपं धरून मुगातले खडे निवडतात, तसलाच प्रकार.

आता गिऱ्हाइकानं काय बघावं? काडतूस बंद असतं, आणि ते घरी फोडून बघायच्या भानगडीत कुणी पडू नये. छर्ऱ्याची चकाकीही फसवी, ती बऱ्याचदा नुसत्या ग्रॅफाइटची असते. छर्ऱ्याचा नंबर, बनवल्याची तारीख आणि लॉट वाचा. सगळी एकाच लॉटची घ्या. पितळेवर हिरवा थर, फुगलेली नळी किंवा सैल तोंड दिसलं तर परत करा. खरी परीक्षा कागदावर होते. ४० यार्डांवरून, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवरून, मोठ्या कागदावर बार टाकायचा आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे बसले ते मोजायचं. फुल चोकच्या नळीत सुमारे ७० टक्के अपेक्षित असतात. पण हे रेंजवरच करायचं काम. परवान्यावर मोजून काडतुसं मिळणाऱ्या शेतकऱ्यानं ती कागदावर कशी उडवावीत?

म्हणून हे काम बनवणाऱ्यानं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बारा बोरची काडतुसं खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत बनतात. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. काडतूस कुणाचंही असो, खोक्यावर अँटिमनीचं प्रमाण आणि कागदावरच्या चाचणीची टक्केवारी छापायला फार खर्च येऊ नये. खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश छापलेलं असतं, ते वाचूनच शेतकरी पोतं उचलतो. इथे मात्र त्याच्या हाती फक्त नंबर आणि दुकानदाराचा शब्द.

आपल्या वर्कशॉपमध्येही एवढं करता येईल. फायनल इयरच्या एखाद्या ग्रुपनं तेच ते लाइन फॉलोअर करण्याऐवजी तिरप्या काचेचा निवडपाट करून बघावा. सायकलच्या बेअरिंगमधल्या जुन्या आणि नव्या गोळ्या त्यावरून सोडल्या तरी गोलाईतला फरक दिसेल. काच ४ फूट पुरे, आणि उतार कमी-जास्त करायला खाली दोन स्क्रू हवेत.