कुलकर्ण्याचं दप्तर कॉम्प्युटरात

आमच्या विद्यापीठात डेटा समिती नेमली जातेय. पत्रक निघालंय. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, भरती, पगार ही सगळी माहिती एका समितीच्या ताब्यात जाणार. काय नोंदवायचं, कुठल्या नावाखाली नोंदवायचं, कोणाला दाखवायचं, कोणापासून झाकायचं, कुठल्या कंपनीच्या हातात द्यायचं, हे ती ठरवणार. समितीत कोण? कुलसचिव, परीक्षेचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, संगणक केंद्राचे प्रमुख, गुणवत्ता कक्षाचे समन्वयक आणि एक 'उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञ'. मागासवर्गीय कक्षाचा माणूस नाही. विद्यार्थी नाही. शिपाई, झाडूवाली, मेसमधला पोऱ्या यांचं तर नावच काढू नका.

आपल्यातलेच काही दोस्त म्हणाले, सोड ना यार, टेक्निकल मामला आहे. फी वाढली तर घेराव घालू, हॉस्टेल बंद केलं तर कुलगुरूच्या दारात बसू. कॉम्प्युटरवाल्यांच्या समितीवर कसला मोर्चा काढतोस? दोस्तांनो, मला हे पटत नाही.

गावगाड्यात शिवेची हद्द महाराला माहीत. तंटा झाला की साक्षीला महार उभा. पण दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. ज्याला जमीन पायाखालून ठाऊक, त्याच्या हातात लेखणी नाही. ज्याच्या हातात लेखणी, त्याने लिहिलं ते सरकारदरबारी खरं. महाराची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण तोंडी म्हणून बाद. जोतिबांनी कुलकर्ण्याच्या लेखणीवर एवढा राग उगाच नाही काढला. आता ते दप्तर सर्व्हरवर चढलंय, लाल फडक्याऐवजी पासवर्ड आलाय, एवढाच फरक.

आणि आकडे म्हणजे बाबूंचं काम, असं ज्याला वाटतं त्याने बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत. मार्च १९२७. चवदार तळ्याच्या अवघे काही दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. काय मांडलं? आकडे. दोन लाख लोकवस्तीमागे कॉलेजात पुढारलेल्या हिंदूंची पोरं हजार, मुसलमानांची बावन्न, मधल्या वर्गाची चौदा आणि मागासवर्गाचं एकही नाही, फार तर एखादं. हे सरकारचेच आकडे होते. सरकारनेच जातवर्गाचा रकाना ठेवला होता म्हणून ते सरकारच्या तोंडावर मारता आले. रकाना नसता तर? तर सायबाने हसून सांगितलं असतं, शाळा सर्वांना खुल्या आहेत. आठवड्याभराने बाबासाहेब महाडला गेले आणि तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

रकाना कसा पाडायचा एवढ्यावरून पोरांच्या नोकऱ्या कशा जातात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने म्हटलं, प्राध्यापकांचं आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ एकक धरू नका, एकेक विभाग धरा. मार्च २०१८ मध्ये युजीसीने तसं पत्रक काढलं. आरक्षणाची टक्केवारी एका काडीनेही कमी केली नाही हां! फक्त मोजायचं भांडं बदललं. दोनशे बिंदूंच्या रोस्टरऐवजी तेरा बिंदूंचं. त्यात चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी जमातीची. आता विद्यापीठात विभाग असतात केवढे? कुठे चार जागा, कुठे सहा. सहा जागांच्या विभागात आपला नंबर लागायचा तर आधी कोणीतरी निवृत्त व्हावं लागणार. आदिवासी पोरगा तर म्हातारा होणार वाट बघून. देशभर पोरं रस्त्यावर आली, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत वटहुकूम निघाला आणि जुलैत कायदा होऊन विद्यापीठ हे एकक परत आलं. एका व्याख्येसाठी एवढी लढाई. आणि आमची डेटा समिती काय करणार म्हणे? व्याख्या ठरवणार. पत्रकात दुसऱ्याच कलमात आहे. हे टेक्निकल असेल तर मनुस्मृतीही टेक्निकलच म्हणा.

गळतीचं घ्या. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात अनुसूचित जातीचे विद्यार्थी ६६ लाख २३ हजार. आकडा छान दिसतो, मंत्र्यांच्या भाषणात शोभतो. पण ही दारातली मोजणी. आत आलेल्या पोराचं पुढे काय झालं, ते त्यात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत प्रश्न आला तेव्हा सरकारने सांगितलं, केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, आयआयएम मिळून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींची १३,६२६ पोरं शिक्षण सोडून गेली. त्यातली ९,६४२ एकट्या केंद्रीय विद्यापीठांतली. का गेली? उत्तर असं, की विद्यार्थ्यांपुढे बरेच पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीत, एका कोर्समधून दुसऱ्यात जातात. वा! म्हणजे बापाचं कर्ज, गाईडचा टोमणा, वसतिगृहात रूम पार्टनरने बदलून मागितलेली खोली, सगळ्याला एकच शब्द : पर्याय. 'सोडण्याचे कारण' या रकान्यात काय लिहायचं ते सोडून जाणारा ठरवत नाही. टेबलामागचा क्लार्क ठरवतो, आणि त्याच्यासमोर यादीत चारच कारणं असतात. त्या यादीत 'अपमान' हे कारण मी अजून पाहिलेलं नाही.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. सात महिन्यांची फेलोशिप अडकलेली होती. हैदराबाद विद्यापीठाच्या कुठल्या कॉम्प्युटरवर लाल दिवा लागला का, की या पोराचे पैसे अडलेत, याला हॉस्टेलबाहेर काढलंय, हा उघड्यावर झोपतोय? नाही लागला. पण तो मेल्यावर मात्र कागद भराभर हलले. त्याची जात कोणती, आईची कोणती, दाखला खरा की खोटा! जिवंतपणी ज्याची नोंद घेतली नाही, त्याच्या मढ्याची जात पडताळणी. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. त्याच वर्षी या दोघांच्या आया सुप्रीम कोर्टात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाला युजीसीला सांगावं लागलं, की किती विद्यापीठांत समान संधी कक्ष आहेत, भेदभावाच्या तक्रारी किती आल्या, त्यांचं काय केलं, याची माहिती गोळा करून आणा. कक्षाचे नियम २०१२ चे! तेरा वर्षांनी माहिती गोळा करायचा हुकूम, तोही दोन आयांनी कोर्टाची पायरी चढल्यावर.

आता गंमत बघा. जे झाकायला पाहिजे ते आमच्याकडे उघडं आहे. शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर, नाव, जात, उत्पन्न, सगळं ठसठशीत. ती यादी फोनवर फिरते, मग लॅबमध्ये कुणीतरी विचारतो, 'तुझं फुकटात ना रे?' जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला महाडीबीटीवर चढवायचा, वर कॉलेजच्या खिडकीत झेरॉक्सही द्यायची. त्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कँटीनचा हिशेब लिहिलेला मी पाहिलाय. आणि जे उघडं पाहिजे ते कुलपात. राखीव जागांचा अनुशेष किती? मागासवर्गीय निधीतले किती पैसे खर्चाविना पडून राहिले? पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत कोणाला किती गुण? माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर येतं, 'सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे.' पूर्वी असं नाकारताना त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे तरी बघावं लागे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती अट छाटली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती छाटणी लागू झाली. सार्वजनिक हिताची एक खिडकी कलम ८(२) मध्ये उरलीय, पण ती उघडेपर्यंत अपिलावर अपील करत पोरगा पास होऊन वॉचमनच्या नोकरीला लागलेला असतो. अरे, पण अनुशेषाचा आकडा कोणाचा वैयक्तिक? मराठीच्या विभागात अनुसूचित जातीच्या किती जागा रिकाम्या, ही काय कुणाची रक्तलघवीची तपासणी आहे? कलम ४ प्रमाणे हे त्यांनी न मागता लावलं पाहिजे.

आणि ज्यांचा आकडाच नाही, त्यांचं काय? ज्या संगणक केंद्रात हा सगळा डेटा राहणार, तिथला संडास धुणारी बाई विद्यापीठाच्या कर्मचारी यादीत नाही. ती ठेकेदाराची. तिची जात कुठल्या तक्त्यात येत नाही, पगार येत नाही, पीएफ भरला की खाल्ला ते येत नाही. विद्यापीठाच्या अहवालात सफाई 'सेवा' म्हणून खर्चाच्या बाजूला दिसते, फिनाईलच्या डब्यांशेजारी. संस्थेची माहिती म्हणजे काय, हे ठरवताना हिला मोजणार की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

आपल्यात दोन मतं आहेत. एक म्हणतं, जात कुठेच लिहू नका, लिहिली की छळ सुरू. मी तो छळ सोसलाय, त्यामुळे हे मत मला हसण्यावारी नेता येत नाही. पण जात न लिहिल्याने मास्तरला कळायची राहते थोडीच? आडनाव आहे, वस्ती आहे, भाषा आहे. पुसला जातो तो फक्त पुरावा. दुसरं मत म्हणतं, समितीत बसू नका, बसलेला आपला माणूस वर्षात त्यांचा होतो. खरंय, असे किती झाले ते मला नावानिशी माहीत आहे. म्हणून तर नेमलेला माणूस नको. राखीव वर्गातल्या पोरापोरींनी निवडून दिलेले हवेत, मताच्या अधिकारासह, आणि वाकले तर परत बोलावता येतील असे. बैठकीचं इतिवृत्त आठ दिवसांत भिंतीवर. कोण पोरगं नापास होईल याचं भाकीत विकणारी कंपनी दारात आली, तर तिला पोरांची जात, उत्पन्न, पत्ता द्यायचा नाही. दिलाच तर करार आधी सगळ्यांपुढे वाचायचा. यंत्राने पहिल्याच महिन्यात 'धोक्यात' असा शिक्का मारलेल्या पोराला गाईड कोण देणार?

या विद्यापीठांच्या नावासाठी आपल्या माणसांनी काय मोजलंय ते सांगायला नको. मराठवाड्यात १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षं, पाटीसाठी घरं जळली, माणसं मेली. पाटी लागली. पाटीच्या आतलं कपाट अजून बंद आहे.

पत्रकावर हरकती द्यायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. अर्जाचा मसुदा हॉस्टेलच्या मेसमध्ये ठेवलाय, मराठीत आहे, एका पानाचा. सही करताना खाली स्वतःच्या विभागातल्या रिकाम्या राखीव जागांचा, तुम्हाला माहीत असलेला आकडा लिहा. त्यांच्या यादीशी जुळतो का, ते बघू.