ढगाळ रात्र व उल्कांची मोजदाद

डिसेंबरच्या मध्यास दरवर्षीं मिथुन राशींतून उल्कांचा वर्षाव होतो, आणि दरवर्षीं वर्तमानपत्रें त्याची वर्दी आगाऊ देतात. "ताशीं शंभरावर उल्का" हा आंकडा वाचून आमचे विद्यार्थी हरखून जातात, घरोघर गच्चीवर अंथरुणें नेण्याची तयारी होते, आणि पुष्कळदां नेमकें त्याच सायंकाळीं आभाळ भरून येतें. मग घरांतील वडील माणसें म्हणतात, "कांहीं दिसायचें नाहीं, झोपा आतां, सकाळीं शाळा आहे." या बोलण्यांत मुलांच्या प्रकृतीची काळजी असते हें आम्ही जाणतों. तथापि आमचें मत असें आहे कीं, ढग आले म्हणून हा बेत मोडूं नये. तो घरच्याच अंगणांत वा गच्चीवर पार पाडावा, व जें दिसेल तें आणि जें दिसणार नाहीं तें, दोन्ही वहींत लिहावें. इतक्या आग्रहानें लिहिण्यास एक कारण घडलें आहे. त्यांत आमचीही चूक आहे. ती पुढें सांगूं.

"तारा तुटला" असें आपण बोलण्यांत म्हणतों, पण तारा एकही तुटत नाहीं. धूमकेतु व कांहीं लघुग्रह यांच्यापासून सुटलेले धुळीचे कण व बारीक खडे त्यांच्या मार्गावर पसरलेले असतात. पृथ्वी तो मार्ग ओलांडूं लागली म्हणजे हे कण प्रचंड वेगानें वातावरणांत शिरतात आणि जमिनीपासून सुमारें ८० ते १०० किलोमीटर उंचीवर क्षणांत जळून जातात. मिथुनेच्या उल्कांचा वेग सेकंदास सुमारें ३५ किलोमीटर असतो; नोव्हेंबरांतील सिंहेच्या उल्का त्याच्या दुप्पट वेगानें येतात. मिथुन वर्षावाचा मूळ पिंड कोणता, हें १९८३ पर्यंत कोणासच ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं आयरास नामक कृत्रिम उपग्रहानें घेतलेल्या चित्रांत फेथॉन हा लघुग्रह सांपडला, व त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशीं जुळते, हें फ्रेड व्हिपल यांनीं दाखवून दिलें. आपल्याकडे वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांवर एक प्रकरणच लिहिलें आहे. स्वर्गांतील पुण्यफळ भोगून खालीं येणारे जीव म्हणजे उल्का, अशी समजूत त्यांत नमूद आहे. कल्पना सुंदर आहे. परंतु पुण्य सरलेल्यांची एवढी गर्दी दरवर्षीं त्याच तारखांस कां व्हावी, याचा उलगडा तींत होत नाहीं.

आतां त्या शंभराच्या आंकड्याविषयीं. हा आंकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या आमच्या गच्चीचाही नसतो. उल्का ज्या बिंदूपासून निघाल्यासारख्या दिसतात तो बिंदु अगदीं डोक्यावर आहे, आकाश पूर्ण काळोखें आहे आणि ढगाचा तुकडाही कोठें नाहीं, असें धरून ज्योतिषी तो काढतात. मिथुनेचा हा बिंदु पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकीं कॅस्टर नांवाच्या ताऱ्याजवळ आहे. तो सायंकाळीं क्षितिजाशीं असतो आणि मध्यरात्रीनंतर माथ्याकडे येतो. त्यांत गांवचे दिवे आले, शेजारची इमारत आली. म्हणून शहरांतल्या मुलास तासाभरांत दहापंधरा उल्का दिसल्या तरी त्यानें नशिबास दोष देऊं नये. वर्तमानपत्रांनीं एवढें एक वाक्य आंकड्याखालीं छापलें, तर कितीतरी घरांतली निराशा टळेल.

आमच्यावर आलेला प्रसंग १४ डिसेंबर २०२३ च्या रात्रीचा आहे. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. चंद्राचा अडथळा नव्हता. आम्हीं वर्गास सांगितलें कीं, ज्यांची इच्छा असेल त्यांनीं रात्रीं अकरा ते एक घरीं बसून उल्का मोजाव्या व दुसऱ्या दिवशीं वही आणावी. दहाच्या सुमारास आमच्या गांवावर ढग आले. गुरु पश्चिमेकडे झुकला होता, तो प्रथम झांकला. मग मृगाचे तारे एकेक करून गेले. आम्ही स्वतः अर्धा तास आरामखुर्चींत बसून आंत गेलों, ही गोष्ट येथें कबूल करणें भाग आहे.

दुसऱ्या दिवशीं सात वह्या आल्या. एका विद्यार्थ्याच्या वहींत एकशें बारा हा आंकडा ठळक लिहिलेला होता. आम्हीं कौतुकानें तो वर्गास वाचून दाखविला. त्याच्या चिकाटीची स्तुति केली. उरलेल्या वह्या दुपारीं चाळतांना एका विद्यार्थिनीची वही हातीं आली. तींत एवढेंच होतें: "११ ते १२: ढग पूर्ण, उल्का शून्य. १२ ते १: ढग निम्मे, उल्का सात. मध्यें दहा मिनिटें आई शाल आणावयास खालीं गेली. तेवढ्या वेळांत एक दिसली, ती मीं एकटीनें पाहिली." ही मुलगी व तो मुलगा एकाच आळींत राहतात, हें आमच्या ध्यानांत होतें. मुलास बाजूस बोलावून विचारलें, तेव्हां तो रडवेला झाला. साडेदहालाच त्याला झोप लागली होती. आंकडा त्यानें वर्तमानपत्राच्या अंदाजाला धरून घातला होता. "सर, शून्य लिहिलें असतें तर मीं कांहींच केलें नाहीं असें दिसलें असतें," असें तो म्हणाला.

त्या मुलास आम्हीं शिक्षा केली नाहीं, कारण त्याच्या बोलण्यांत आमच्यावरच ठपका होता. शून्यालाही किंमत असते हें आम्हीं वर्गांत कधीं सांगितलेंच नव्हतें, आणि मोठ्या आंकड्याची वाहवा मात्र न तपासतां केली होती. गुणपत्रिकेवरील शून्य पाहून घरीं काय होतें हें मुलांना ठाऊक असतें. तोच धडा त्यांनीं आकाशाला लावला, तर नवल कसलें?

वास्तविक उल्कानिरीक्षणांत ढगाचा रकाना ही नेहमींची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ सालीं स्थापन झाली. तिच्याकडे हौशी निरीक्षक नोंदी पाठवितात, त्यांत आकाशाचा किती भाग झांकलेला होता हें लिहावयाचें असतें. निम्में आकाश झांकलेलें असतां सात उल्का दिसल्या, तर मोकळ्या आकाशांत सुमारें चौदा दिसल्या असत्या, असा हिशेब करतां येतो. म्हणजे त्या मुलीच्या सातांना त्यांच्यापुढें लिहिलेल्या "ढग निम्मे" या दोन शब्दांनींच अर्थ आला. उलट त्या एकशें बारांचें काय करावें हें कोणाही ज्योतिष्यास कळणार नाहीं.

घरीं बसून पाहणाऱ्यांची नोंद क्षुद्र, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें १८३३ सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षीं १३ नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकेंत उल्कांचा असा वर्षाव झाला कीं लोक भयभीत झाले. येल येथील अध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनीं वर्तमानपत्रांतून विनंति केली कीं, ज्यानें जें पाहिलें असेल तें त्यानें कळवावें. ठिकठिकाणच्या लोकांनीं आपआपल्या दारांतून, अंगणांतून जें पाहिलें तें लिहून पाठविलें. त्या पत्रांच्या आधारें ओल्मस्टेड यांनीं दाखविलें कीं, सर्व उल्का सिंह राशींतील एकाच बिंदूपासून फुटत होत्या व त्या वातावरणाबाहेरून आल्या होत्या.

याच सिंहेच्या उल्का १८९९ सालीं पुन्हां मोठ्या संख्येनें येतील असें भाकीत होतें. इंग्लंडांत नोव्हेंबर म्हणजे ढगांचा महिना. म्हणून रेव्हरंड जॉन बेकन हे आपली कन्या गर्ट्रूड हिच्यासह न्यूबरी गांवाहून बलूनमध्यें बसून ढगांच्या वर गेले. ढग खालीं राहिले खरे, पण उल्का थोड्याच दिसल्या. भाकीतच फसलें होतें. सूर्य उगवल्यावर बलूनमधील वायु तापला व तें खालीं उतरेना. तें समुद्राच्या दिशेनें वाहत चाललें, आणि शेवटीं ही मंडळी वेल्सच्या दक्षिण भागांत नीथजवळ उतरली. त्यांच्या धाडसाची आम्हांस थोरवी वाटते. परंतु आमच्या पालकांस मुलांकरितां एवढा खटाटोप करावयाचा नाहीं. एक चटई व एक शाल पुरे आहे.

ढगांना न जुमानणारा दुसराही एक मार्ग आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या देशाचाही वाटा आहे. उल्का जळतांना तिच्या मागें विद्युद्भारित कणांची रेघ राहते. तिच्यावरून रेडिओच्या लहरी परततात. चमनलाल व वेंकटरामन या दोन भारतीय संशोधकांनीं १९४१ सालीं रेडिओवर ऐकूं येणाऱ्या, उतरत जाणाऱ्या शिट्ट्यांचा उल्कांशीं संबंध जोडून दाखविला. पुढें १९४६ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांत जोड्रेल बँक येथें बर्नार्ड लव्हेल व त्यांचे सहकारी यांनीं कालेयाच्या उल्कांची रडारवर नोंद केली. आणि १९४७ सालीं तर भर दिवसा पडणारे वर्षावही अशाच रीतीनें सांपडले. श्रावणाच्या सुमारास, १२-१३ ऑगस्टला, ययातीचा मोठा वर्षाव असतो, पण आपल्याकडे तो बहुधा पावसांत जातो. आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळानें तेव्हां रेडिओ घेऊन बसावें असें आम्हांस फार वाटतें. साधनांची जुळवाजुळव मात्र अद्याप व्हावयाची आहे.

कोणी विचारील, दूरदेशींच्या निरभ्र आकाशाचें चित्र आतां मोबाइलवर त्याच क्षणीं दिसतें, मग थंडींत बसावें कशाला? तें चित्र दुसऱ्या दिवशीं अवश्य पाहावें. पण तें दुसऱ्याच्या आकाशाचें आहे. त्याच्यावरून आपल्या वहींत एक अक्षरही लिहितां येत नाहीं. शिवाय काळोखास डोळे सरावण्यास वीसतीस मिनिटें लागतात, आणि त्या चकाकत्या पडद्याकडे एकदां पाहिलें कीं सारें पहिल्यापासून सुरू करावें लागतें.

पालकांस आमची विनंति थोडकी आहे. वर्षांतून एक रात्र मुलांस दोन तास जागूं द्यावें, व शक्य असेल तर त्यांच्याजवळ बसावें. गच्चीवर लहान मूल एकटें ठेवूं नये. कानटोपी व शाल असावी. ढग असले तरी ते स्थिर नसतात. बाराच्या ठोक्यास भरलेलें आभाळ सव्वाबारास फाटतें, हें त्या मुलीच्या वहीनेंच सिद्ध केलें आहे. आणि सकाळीं वहींत शून्य दिसलें, तर रागावण्यापूर्वीं त्याच्यापुढें ढग किती लिहिले आहेत तें वाचावें.

येत्या डिसेंबराकरितां आम्हीं कोऱ्या वह्या आणून ठेविल्या आहेत. वेळ, ढग, उल्का असे तीन रकाने प्रत्येकींत आंखले आहेत. ढगांचा रकाना सर्वांत रुंद आहे. ज्या मुलानें एकशें बारा लिहिले होते, त्यानें आपली वही सर्वांच्या आधीं मागून नेली.