वाइन, मासळी आणि औषधांचा डबा

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे निघालेली ज्येष्ठ मंडळी औषधांची चिठ्ठी लिहून घेण्यासाठी दवाखान्यात येतात. उठता उठता एखादे आजोबा आवाज खाली आणून विचारतात, "तिकडे जेवणाबरोबर वाइन असते. थोडी घेतली तर चालेल का?" अल्बारिनो या स्पॅनिश पांढऱ्या वाइनच्या निमित्ताने त्याचे उत्तर देतो.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, अटलांटिक महासागराच्या काठी गालिसिया हा पावसाळी प्रदेश आहे. तेथील खाड्यांलगतच्या रियास बायशास या भागात अल्बारिनो द्राक्षे पिकतात. दमट हवेत घड कुजू नयेत म्हणून वेली उंच मांडवांवर चढवतात. ही वाइन फिकट, आंबटसर असते. गोडवा जवळजवळ नसतो. तिच्यासोबत शिंपले, कालवे किंवा ऑलिव्ह तेल, लाल मिरचीची पूड आणि जाडे मीठ घातलेला उकडलेला ऑक्टोपस वाढतात. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो. तेथे तेच काम या वाइनचा आंबटपणा करतो.

जिभेला ही जोडी जुळते. मात्र साठीनंतर आणखी एक जोडी तपासावी लागते, ती म्हणजे वाइन आणि आपल्या गोळ्यांची.

साडेबारा टक्के मद्यार्काच्या १०० मिलिलिटर वाइनमधून सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तेवढ्याच वाइनने रक्तातील मद्यार्काची पातळी तरुणपणापेक्षा अधिक चढते. तोल जातो, आणि या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे ठरू शकते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रात्री धोकादायकरीत्या उतरू शकते. घरच्यांना ती केवळ नशा वाटते. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते, श्वास मंदावतो. वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका संभवतो. गाउट असेल तर शिंपले आणि मद्य दोन्ही यूरिक आम्ल वाढवतात. रक्तदाब असेल तर त्या जाड्या मिठाकडेही पाहा.

मग "वाइन हृदयाला चांगली" याचे काय? मद्याचे पूर्णतः सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून जे घेत नाहीत त्यांनी औषध म्हणून ती सुरू करू नये. यकृताचा आजार, फिट्स किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांनी ती टाळावीच. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्यांनी मात्र ते एकाएकी बंद करू नये. तेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे.

ज्यांना डॉक्टरांनी मुभा दिली आहे, त्यांनी छोटा पेला जेवणाबरोबरच, सावकाश घ्यावा. उपाशीपोटी घेऊ नये आणि तो पुन्हा भरू नये. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा.

सांभाळ करणाऱ्या मुलासुनांना विनंती : आग्रह करू नका, रागावूही नका. औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना विचारा. टेबलावरच्या आनंदात सामील व्हायला लिंबू पिळलेले गार पाणीही पुरते. मासळीशी तेही छान जुळते.

आणि आजोबा, हा प्रश्न मोठ्याने विचारा. डॉक्टरांपासून लपवलेला पेला उघड विचारलेल्या पेल्यापेक्षा अधिक घातक असतो.